खुरांवरची हळद

१

बैल आला तो एकटाच आला.

पुनवतळे गावच्या कृष्णाघाटावर जोतीरामबुवा सकाळी दहाच्या सुमाराला हातपाय धूत होते. दुपारी चारला इथंच, हैबतबाबाच्या समाधीपुढं, त्यांचं कीर्तन होतं. वर पायऱ्यांशी घुंगुरमाळ वाजली. ती ऐकूनच बुवांच्या चेहऱ्यावर हसू आलं, कारण असा घुंगुरमाळेचा पांढरा बैल या मुलखात आता एकाच माणसाचा उरला होता. कोंडीबा हेळव्याचा.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या राखणारा माणूस. सुगी झाली की बैलावर बसून गावोगाव फिरायचं, दारात बसून त्या घरच्या पूर्वजांची नावं एका सुरात म्हणायची, नवं जन्मलेलं नाव वहीत चढवायचं आणि सुपातलं धान्य घेऊन पुढच्या गावाला लागायचं. कोंडीबाची वही पाच पिढ्यांची जुनी होती. ती त्यानं आजवर कधी हातावेगळी केली नव्हती.

बुवांनी वर पाहिलं आणि हसू तिथंच विरलं. बैलाच्या पाठीवर कुणी नव्हतं. घोंगडं एका अंगाला घसरलेलं, पिशवीचं तोंड उघडं. पिशवीत वही नव्हती. होती ती एक पानाची चंची, आणि निळ्या रंगाचा दम्याचा पंप.

तो पंप बुवांनी मुठीत घेतला. कोंडीबाचं वय पंच्याहत्तर, दमा जुना. पंपाशिवाय तो शेजारच्या गल्लीतसुद्धा जात नसे. आणि या गावात आज त्याला बोलावलं होतं ते दुसऱ्या कुणी नाही, खुद्द जोतीरामबुवांनी.

त्यांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला. बैल अंग चोरून थरथरत होता. कपाळावर ओलं कुंकू होतं. चारी खूर स्वच्छ धुतलेले आणि त्यांवर हळदीची बोटं ओढलेली. गुडघ्यांच्या वर मात्र लांबच्या वाटेची धूळ तशीच बसलेली.

म्हणजे कोंडीबा गावात पोचला होता. कुणाच्या तरी दारात त्याच्या बैलाचा मान झाला होता. मग पुढं काय झालं?

२

बुवांनी सांगलीच्या विश्रामबागेत तीस वर्षं टपाल वाटलं होतं आणि तितकीच वर्षं कीर्तनं केली होती. दोन्हींत काम एकच, असं ते म्हणत. ज्याचा निरोप त्याला पोचवायचा, मधे आपण फोडून वाचायचा नाही.

मालिनी हैबती त्यांना भेटली ती साताऱ्यातल्या एका कीर्तनात. शेवटच्या रांगेत बसून टाळ्यांचा ठेका चुकवत होती. पंचेचाळिशीची, बिनलग्नाची, मॉरिशसच्या दवाखान्यात नर्स. तिचा पूर्वज हैबती अठराशे एकोणसाठ साली उसाच्या मळ्यावर मजुरीला म्हणून जहाजानं तिकडं गेला, तिथंच त्यानं दुसरा संसार मांडला आणि तिथल्याच मातीत मिळाला. तिच्याजवळ जहाजाच्या नोंदवहीची नक्कल होती. नाव हैबती, बापाचं नाव सुभाना, वय पंचवीस, उजव्या भुवईवर खोक, गाव पुनवतळे, जिल्हा सातारा. दोन हिवाळे तिनं सातारा जिल्हा पालथा घातला, पण पुनवतळं काही सापडेना.

बुवा टपालखात्याचे. त्यांनी विचारलं, "बाई, जिल्हा कुठल्या सालचा?" हा सगळा कृष्णाकाठ तेव्हा साताऱ्यातच होता. पुढं तो दक्षिण सातारा झाला, आणि एकोणीसशे साठ साली त्याचं नाव सांगली पडलं. गाव जागेवरच होतं. पत्ता तेवढा बदलला होता.

गाव सापडलं आणि खरी भीती सुरू झाली ती तिथून. कारण पुनवतळ्यात हैबतीची समाधी होती. सत्तावनच्या बंडात गोऱ्यांनी त्याला याच घाटावर गोळी घातली, असं सारा गाव मानत होता. दर साल जत्रा भरत होती. उद्या त्याच समाधीवर नव्या स्मारकाचं अनावरण होतं, आणि मुंबईहून मंत्री यायचे होते.

सत्तावन साली मेलेला माणूस एकोणसाठ साली जहाजात चढला असेल, तर समाधीखाली कोण आहे?

हे कोंडीबाच्या वहीत असणार, म्हणून बुवांनी त्याला फोन केला होता. म्हातारा आपल्या कानडी वळणाच्या बोलीत म्हणाला, "बुवा, वही खोटं बोलत न्हाई. पन वाचायच्या आदी एका घरला सांगून येतो. माणसाला एकदम धक्का बसू ने."

कुठल्या घराला, ते बुवांनी विचारलं नव्हतं. आता ते एवढंसं न विचारणं त्यांच्या जिवाला लागलं होतं.

३

पोलीस चौकीवरून उत्तर आलं की म्हातारी माणसं अशी जातात नि येतात, उद्या बघू. पंपाशिवाय कोंडीबाचा श्वास उद्यापर्यंत पुरायचा नव्हता. बुवा आणि मालिनी दारोदार निघाले.

पहिलं घर नानासोंचं. फौजेतले निवृत्त सुभेदार, समाधीच्या कमिटीचे अध्यक्ष, हैबतीच्या थोरल्या भावाच्या वंशातले. डोक्याचा गोटा केलेला, कारण सहा दिवसांपूर्वी त्यांचे वडील आकारामतात्या ब्याण्णवाव्या वर्षी गेले होते. देवघराला पडदा होता, आणि त्यांनी बुवांना लांबूनच नमस्कार केला. हेळवी आपल्याकडं आला नाही म्हणाले. मग मालिनीकडं न बघताच बुवांना विचारलं, "ह्या बाई वाटणी मागायला आल्यात काय?"

मालिनीला सगळं मराठी कळे. ती तिच्या बेटावरच्या जुन्या, आजीकडून आलेल्या मराठीत हळूच म्हणाली, "मला मातीतलं काय नको. माझा आजा दिवा लावताना देशाकडं तोंड करायचा. तो देश कुठला, तेवढं बघायला आले."

नानासो दारापर्यंत पोचवायलाही उठले नाहीत.

दुसरं घर रेश्मा मॅडमचं. शाळेत शिकवतात, गावच्या आहेत पण भावकीतल्या नाहीत. हुतात्मा हैबतबाबांवरची पुस्तिका त्यांनी लिहिलेली, आणि उद्या ती मंत्र्यांच्या हस्ते निघायची होती. जहाजाची नक्कल त्यांनी दोनदा वाचली. पुरावा काय होता, असं बुवांनी विचारलं, तर म्हणाल्या की धैर्यशीलदादांनी सांगितलं तसं लिहिलं. हेळव्याशी त्यांचा संबंध येण्याचं कारण नव्हतं, कारण कोंडीबाच्या वहीत या गावातली ती एकच भावकी. बाकीच्यांचे हेळवी निराळे, आणि परक्या दारात बैल थांबवायची हेळव्यांत रीत नाही.

तिसरं घर धैर्यशीलचं. हैबतीच्या सख्ख्या मुलाचा वंश तो हाच, असं सांगत. जत्रेतला पहिला मान यांचा. चाळिशीचा, गोड बोलणारा गडी. बुवांचं पुरतं ऐकून घ्यायच्या आतच त्यानं फोन काढला आणि आठ-दहा पोरं नदीच्या खालच्या अंगाला शोधायला पिटाळली. म्हातारा पाय घसरून पाण्यात गेला असेल म्हणाला. आपणही सुतकात असल्यामुळं तुमच्या पाया पडता येत नाही, असंही हात जोडून म्हणाला.

त्याची आजी राहीबाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, बुवांच्या कीर्तनाला कोसभर चालत येणारी बाई. एरवी तिनं उठून बुवांचे हात हातात घेतले असते. आज तिनं दोन्ही हात पदराखाली धरले होते. बुवांनी विचारलं, "आवं आजी, कोंडीबा आलता का?"

तिनं नातवाकडं पाहिलं आणि मान हलवली. त्या माऊलीच्या डोळ्यांत भीती होती. सुतक सगळ्या भावकीला, हात आखडणं साहजिकच, असं म्हणून बुवा बाहेर पडले.

बाहेर येताच त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, कोंडीबा हेळवी.

बुवा दोनदा "कोंडीबा" म्हणाले. पलीकडून शब्द आला नाही. आला तो श्वास, चिरलेल्या बासरीतून फुंकर निघावी तसा, एक, आणि मग बऱ्याच वेळानं दुसरा. त्यामागं कसली तरी एकसारखी घरघर. मालिनीनं फोन कानाशी नेला आणि तिचा चेहरा उतरला. तिनं असे श्वास दवाखान्यात मोजले होते.

"संध्याकाळ निघायची न्हाई," ती म्हणाली.

फोन बंद पडला. पुन्हा लावला तर लागेना.

४

घरघर मोटारीची होती, एवढं बुवांनी ओळखलं. पण कृष्णाकाठच्या त्या दोन कोसांत उसाला पाणी देणाऱ्या मोटारीच्या खोल्या साठ तरी असतील. दोघांनी दुपारभर पायपीट केली. कुलूपबंद दारांवर हाका मारल्या, फटींना कान लावले. मोटारीच्या आवाजात स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता, तिथं दुसऱ्याचा काय येणार? पोरं खालच्या अंगाला नदी धुंडाळत होती. बारा खोल्या झाल्या आणि चार वाजले.

समाधीपुढं मांडव भरला होता. बुवा मांडवात शिरले ते कीर्तन करायला नव्हे. सारा गाव तिथं बसलेला, तेव्हा सगळ्यांना उठवून वाटून घ्यायचं आणि खोली न खोली उघडायची, या विचारानं. पण कुणाच्या तरी हातात किल्ली होती. गाव उठला की तो माणूसही उठणार आणि सगळ्यांच्या आधी पोचणार. या धास्तीनं त्यांचा पाय अडला. तेवढ्यात मृदंगावर थाप पडली, टाळकरी दोन बाजूंना उभे राहिले, आणि सवयीनं बुवांचा हात चिपळ्यांकडं गेला.

त्यांनी डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेतलं. आवाज फुटेना. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ज्याच्या भरवशावर आपण लोकांना निर्भय व्हा म्हणून सांगतो, त्याच्यापुढं आज आपणच भेदरून उभे आहोत, याची त्यांना लाज वाटली.

वीणेकऱ्यानं हार आणला. रीतीप्रमाणं तो अध्यक्षांनी बुवांच्या गळ्यात घालायचा. नानासो दोन पावलं मागं सरले.

"आमास्नी सुतक हाय," ते म्हणाले. "भावकी सोडून कुनीबी घाला. बुक्काबी आमच्या हातचा नगो."

भावकीची सगळी माणसं मांडवाच्या कडेला उभी होती. धैर्यशीलही होता. रेश्मा मॅडमनी पुढं येऊन हार घातला, बुवांच्या कपाळाला बुक्का लावला. मॅडमच्या काळ्या झालेल्या बोटाकडं बुवा बघत राहिले.

बोट. हळदीची बोटं. ओले खूर.

मृदंग वाजत होता आणि बुवांच्या डोक्यात एकेक कडी आपोआप अडकत गेली. बैलाच्या खुरांना हळद लागली, म्हणजे कोंडीबा एका घरी गेला आणि त्या घरच्या वडील बाईनं मान केला. कोंडीबाच्या वहीत गावातली भावकी एकच, परक्या दारात तो थांबत नाही. म्हणजे घर भावकीतलंच. पण भावकीला सहा दिवस सुतक आहे. सुतकात घरच्या देवाला कुणी हळदकुंकू लावत नाही, दारातल्या बैलाला कुठून लावणार? जी बाई आयुष्यभर सोवळंओवळं पाळत आली ती तर मुळीच लावणार नाही.

म्हणजे घर असं हवं, जे वहीत आहे, चारचौघांत सुतकही पाळतं, पण ज्याच्या वडील बाईला पक्कं ठाऊक आहे की हे सुतक आपलं नव्हे. ते घर रक्तानं या भावकीचं नव्हे.

वाचायच्या आधी एका घराला सांगून येतो, असं कोंडीबा म्हणाला होता. धक्का बसणार होता तो कुणाला? गावाच्या पहिल्या मानाच्या घराला. आणि राहीबाईनं हात आखडले होते ते सुतकासाठी नव्हे. बोटं पिवळी होती म्हणून.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. मृदंग अडखळला आणि थांबला. कीर्तन सुरू व्हायच्या आधीच सोडून ते मांडवातून चालत बायकांच्या बाजूला गेले आणि राहीबाईपुढं गुडघ्यांवर बसले. तिच्या मांडीवर त्यांनी तो निळा पंप ठेवला.

"आजी, ह्यो त्याचा श्वास हाय," ते म्हणाले. "त्याच्याजवळ न्हाई, हितं हाय. तुमी बैलाचं पाय धुतलं, त्यात तुमचं काय चुकलं न्हाई. दारात आलेल्या मुक्या जीवाला तुमी तसं सोडलं नसतंच."

मागून धैर्यशीलचा आवाज आला, "आज्जे, बोलू नगंस."

राहीबाईनं पदराखालून हात काढले. वाळलेल्या हळदीनं बोटं अजून पिवळी होती. ती पंपाकडं बघत राहिली.

"त्याला दमा हाय ह्ये मला ठावं न्हवतं," ती म्हणाली. "धैर्या, तुलाबी ठावं नसंल. ठावं आसतं तर तू असं केलं नसतंस, एवढं तरी मला म्हनू दे. बुवा, वरल्या अंगाला आमच्या मोटारीची खोली हाय. जुन्या जांभळाखाली."

वरच्या अंगाला. पोरं पिटाळली होती ती खालच्या अंगाला, आणि बुवांना ते सबंध दिवसात खटकलं नव्हतं.

५

कुलूप नानासोंनीच दगडानं फोडलं. आत ओल, ऑइलचा वास आणि मोटारीची घरघर. कोंडीबा भिंतीच्या कोपऱ्यात बसल्याजागी कलंडला होता, ओठ निळे पडलेले, पागोटं सुटलेलं. त्या पागोट्यात खोवलेला त्याचा बटणांचा फोन धैर्यशीलला दिसला नव्हता. मालिनीनं म्हाताऱ्याला आपल्या छातीशी टेकवून बसवला, पंप त्याच्या तोंडाशी धरला आणि आपल्या भाषेत, आपल्या आजीच्या मराठीत, त्याला श्वास घ्यायला सांगत राहिली. नानासो दारात उभे होते. हातातला दगड टाकायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग छाती हलली.

बाहेर जांभळाखाली धैर्यशील बसला होता. म्हाताऱ्याचं आजीशी बोलणं कानावर पडलं म्हणून कोंडला, उद्याचं अनावरण तेवढं होऊ द्या, मग सोडणारच होतो, असं तो ज्याला त्याला सांगत होता. वही नदीला दिली होती. पोलीस आले तेव्हा राहीबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती, आणि जाऊ नको असं तिनं म्हटलं नाही.

अनावरण पुढं ढकललं गेलं. तिसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात कोंडीबा उशाला टेकून बसला. खाटेभोवती बुवा, मालिनी, नानासो आणि राहीबाई. वही गेली म्हणून बुवा हळहळले, तर म्हातारा हसला. वही वाचायला नव्हती, ती दाखवायला होती. वाचायचं ते इथं आहे, असं म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला. पण रीत मोडायची नाही. सुपात धान्य आल्याशिवाय मेलेल्यांची नावं तोंडात घ्यायची नाहीत.

राहीबाईनं ते आधीच ओळखलं होतं. पिशवीतून तिनं सूप काढलं, शाळू ओतला, आणि ते सूप स्वतः पुढं न करता मालिनीच्या हातात दिलं.

"ह्यो मान तुजा," ती म्हणाली. "आमी राखनदार हुतो."

मालिनीनं शाळू कोंडीबापुढं पसरलेल्या पागोट्यात ओतला. त्यानं डोळे मिटले आणि त्याच्या बसक्या सुरात नावं यायला लागली. सुभानाची दोन मुलं. धाकटा हैबती भावाशी भांडून मुंबईला गेला, समुद्र ओलांडून गेला. समुद्र ओलांडला म्हणजे जात गेली, म्हणून घरच्यांनी बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला हैबती म्हटलं आणि घाटावर जाळलं. समाधीखाली आहे ती त्या पानांची राख. गोळी, बंड, हुतात्मा हे सगळं मागाहून चिकटत गेलेलं. हैबतीची बायको येसू मागं राहिली होती. दुष्काळात घाटावर कुणीतरी टाकलेलं पोर तिनं पदरात घेतलं, रामजी नाव ठेवलं, हैबतीचा मुलगा म्हणून वाढवलं. धैर्यशील त्या रामजीचा. येसूनं मरताना सुनेला सांगितलं, तिनं तिच्या सुनेला, की सुतक लोकांत पाळायचं, पण घरातला देवाचा दिवा विझवायचा नाही. ते घर सगळं त्या दिव्यावर उभं होतं.

बुवांना वाटलं, इतकी कीर्तनं केली, पण असं आख्यान आपल्याला कधी सुचलं नाही. टाकलेल्या पोराला आई मिळाली आणि टाकलेल्या नवऱ्याला परमुलखात घर मिळालं. देवानं दोन्ही टोकांना दिवा लावून ठेवला होता. मधल्या माणसांना तेवढा अंधाराचा धाक होता. धैर्यशीलच्या आजीकडं त्यांनी पाहिलं. ती ऐकता ऐकता रडत होती, पण अंगावरून मणाचं ओझं उतरावं तशी सैल बसली होती.

बेटावरची मधली नावं मालिनीनं सांगितली, ती सुरात ओवून कोंडीबानं शेवटचं नाव तिचं घेतलं. हैबतीपासून पाचवी. मग तो थांबला.

मालिनी रिकाम्या सुपाकडं बघत बसली होती. नानासो उठले, दोन येरझाऱ्या घातल्या, मग पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ तोंड करून उभे राहिले.

"तुजं लगीन झाल्यालं न्हाई म्हनं," त्यांनी विचारलं.

ती न कळून न्हाई म्हणाली.

"मग तू आजून ह्याच घरातली. आन सात पिढ्यांच्या आतली." सुभेदारांनी डोक्याच्या गोट्यावरून हात फिरवला. "माजा बा वारलाय, पोरी. आज नववा दिस. तुला सुतक हाय. आजपातूर ठावं न्हवतं, आता ठावं झालं. उद्या धाव्याला नदीवर चल. सगळ्या भावकीबरोबर पानी सोडायला."

मालिनीनं हातातलं सूप खाली ठेवलं. टेबलावर बुवांसाठी कुणीतरी आणलेला फुलांचा हार होता, तिचा हात त्याला लागणार होता. तो तिनं सुतकातल्या माणसासारखा आखडून पदराखाली घेतला, आणि मग ती रडली.